आधी बी.कॉम., मग सीए: हा क्रम मी का निवडला

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की आमच्या बार्शीत प्रत्येक घरी दोन सल्ले येतात. एक म्हणतो, नुसत्या बी.कॉम.ला कोण विचारतं, सीएच कर. दुसरा म्हणतो, सीए सहजासहजी सुटत नाही गं, आधी डिग्री पदरात पाडून घे. 2016 साली मी हे दोन्ही भरपूर ऐकलं. सांगणारी माणसं मायेनंच सांगत होती, पण त्यातलं कुणी त्या वाटेनं गेलेलं नव्हतं. आता मी ती वाट चालून आले आहे, तर जे केलं आणि ज्या कारणानं केलं ते नीट लिहून ठेवते.

दोन्हींतला खरा फरक मला आप्पांच्या आडत दुकानात कळला. आमचे दिवाणजी बी.कॉम. झालेले. वर्षभराचा पै-पैचा हिशेब त्यांच्या हातचा, ताळेबंदही तेच जुळवायचे. पण सप्टेंबर आला की सगळ्या फायली सोलापूरला सीए सरांकडे जायच्या. कारण तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम 44एबीखाली धंद्याचं जे ऑडिट व्हायचं, त्यावर सही चालायची ती फक्त प्रॅक्टिस करणाऱ्या सीएची. कंपन्यांच्या वैधानिक लेखापरीक्षणाचंही तसंच. हिशेब डिग्री शिकवते, पण ही सही करण्याचा अधिकार 1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानं स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूटच्या सदस्यालाच मिळतो. मला ती सही करायची होती. तेव्हा सीए करायचं की नाही हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला होता. प्रश्न उरला तो आत्ता की डिग्रीनंतर.

कारण सीएला शिरायची दारं दोन आहेत. बारावीनंतर प्रवेश परीक्षा द्यायची, तेव्हा ती सीपीटी होती, आता फाउंडेशन आहे. नाहीतर पदवी घ्यायची आणि थेट इंटरमीजिएटला, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याला, नाव नोंदवायचं. त्यासाठी कॉमर्सवाल्यांना 55 टक्के लागतात, इतर शाखांना 60. याला डायरेक्ट एंट्री म्हणतात. मी या दुसऱ्या दारानं गेले.

पहिलं कारण पैशाचं. इन्स्टिट्यूटची फी आमच्या आवाक्यात होती. खर्च होतो तो क्लासचा आणि पुण्यात राहण्या-जेवण्याचा. त्याच वर्षी दादाचं इंजिनिअरिंग सुरू झालेलं. दोघांना एकदम बाहेर ठेवणं आप्पांना जड गेलं असतं.

दुसरं कारण भाषेचं, आणि माझ्या मते तेच मोठं. मी बारावीपर्यंत पुस्तपालन मराठीत शिकले. सीएचा पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही. गणित जमत असलं तरी कायद्याच्या पेपरात कलम समजून घेऊन चार ओळींत मुद्देसूद उत्तर लिहायला हात बसावा लागतो, आणि तो महिन्या-दोन महिन्यांत बसत नाही. मला कॉलेजची तीन वर्षं त्यासाठी हवी होती.

तिसरं असं, की सीए लांबलंच तर पदवी उपयोगी पडते. बँकांच्या परीक्षा देता येतात, एमपीएससी देता येते. राज्याच्या वित्त व लेखा सेवेला बी.कॉम.वाल्यांना तेच 55 टक्के लागतात. म्हणून मी 55 चा आकडा धरूनच कॉलेजला गेले.

आणखी एक वाट समोर होती. आमचे एक काका प्रमाणित लेखापरीक्षक आहेत. ते म्हणाले, "पदवी झाली की जीडीसी अँड ए दे. जिल्हा सोडायची गरज नाही." शासनाच्या सहकार खात्याची ही पदविका, कुठल्याही पदवीधराला देता येते. ती झाली आणि खात्याच्या नामिकेवर, म्हणजे लेखापरीक्षकांच्या यादीत, नाव लागलं की पतसंस्था, विकास सोसायट्या, गृहनिर्माण संस्था यांचं ऑडिट करता येतं. सोलापूर जिल्ह्यात सहकारी संस्थांना काय तोटा! मी यावर खूप विचार केला. घरी राहून मानानं करता येणारं काम आहे, आणि ज्यांना बाहेर पडणं शक्य नाही त्यांनी याकडे दुर्लक्ष करू नये असं मला आजही वाटतं. पण ते सहकारापुरतं राहतं. सीएला सहकारी संस्थेचं ऑडिटही करता येतं आणि कंपनीचंही.

बी.कॉम.च्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. सकाळी कॉलेज, दुपारी गावातल्याच एका कर सल्लागारांकडे टॅलीवर काम. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा मी तिथेच होते. व्हॅटचे आकडे मिटवून नव्या नोंदणीत व्यापाऱ्यांचा साठा आणि क्रेडिट आणायचं काम मी हातानं केलं, आणि कर हा विषय मला तिथे आवडायला लागला. रात्री इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण काढून बसायचं.

2019 ला निकाल लागला, नोंदणी केली, पुण्यात आले. ओरिएंटेशन आणि संगणक प्रशिक्षण असे पंधरा-पंधरा दिवसांचे दोन कोर्स झाले आणि आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीसाठी, फर्म शोधायला लागले. इथे घाई करू नये. तेव्हाच्या नियमात पहिल्या वर्षात फर्म सहज बदलता यायची, नंतर ठरावीक कारणांशिवाय नाही. म्हणजे जिथे बसाल तिथे तीन वर्षं. मोठ्या फर्ममध्ये नाव मिळतं, पण वर्षभर एकाच कंपनीच्या एकाच भागाचं व्हाउचिंग, म्हणजे नोंदी आणि पावत्या ताडून बघणं, करणारी मुलंही मी पाहिली. मुलाखतीत मी सरळ विचारायचे: क्लाएंट कोणत्या प्रकारचे आहेत, टॅक्सचं काम मिळेल का, परीक्षेच्या आधी रजा किती देता. शेवटच्या प्रश्नावर काही ठिकाणी चेहरे बदलायचे, तिथे मी परत गेले नाही. सदाशिव पेठेतल्या एका मध्यम फर्मच्या सरांनी तिन्हींची उत्तरं न अडखळता दिली. मी तिथे रुजू झाले.

स्टायपेंडमध्ये मेसचं बिलसुद्धा भागायचं नाही, हे घरी आधीच सांगून ठेवावं. पण शिकायला जे मिळालं त्याला तोड नाही. एप्रिलमध्ये बँकेच्या शाखांचं ऑडिट, कर्जाची फाइल उघडून तारण खरंच आहे का ते बघायचं. मार्चअखेर गोदामात जाऊन साठा मोजायचा. ताळेबंदातला आकडा आणि गोदामातली पोती यांच्यामध्ये काय काय असू शकतं, हे कॉलेजच्या कुठल्याच पेपरात नव्हतं.

परीक्षेचं गणित मात्र विद्यापीठापेक्षा पार वेगळं. कॉलेजात एखादा विषय राहिला तर एटीकेटी मिळते, पुढच्या वर्गात बसता येतं. इथे प्रत्येक पेपरला 40 हवेत आणि ग्रुपची, म्हणजे पेपरांच्या गटाची, सरासरी 50. सगळ्यांत 45 मिळाले तरी ग्रुप गेला. एखाद्या पेपरात 60 पडले तर तेवढ्या पेपरातून पुढे सूट मिळते. माझ्या वेळी इंटरला आठ पेपर, दोन ग्रुप. मे 2020 ची परीक्षा कोविडमुळे रद्द होऊन नोव्हेंबरमध्ये मिसळली, आणि माझी पहिली परीक्षा त्याच नोव्हेंबरच्या सत्रात, मास्क लावून झाली. एक ग्रुप आधी सुटला, दुसरा नंतर, आणि आर्टिकलशिप संपल्यावर 2023 मध्ये फायनल.

माझी एक मैत्रीण पुण्याचीच, बारावीनंतर लगेच शिरली. ती माझ्याआधी सीए झाली. आर्टिकलशिप चालू असताना तिचं बी.कॉम.ही चालू होतं. त्यासाठी तेव्हा इन्स्टिट्यूटची परवानगी लागायची, फॉर्म 112 भरून, आणि कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेच्या आड येऊन चालायची नाही. सातचं कॉलेज, मग ऑफिस, मग अभ्यासिका. घर पुण्यात होतं, शाळा इंग्रजी माध्यमाची होती, म्हणून तिला तो क्रम योग्य होता. माझ्या परिस्थितीत माझा.

आता मावसबहीण बारावीला आहे आणि तिला मी माझीच वाट सांगितलेली नाही, कारण जुलै 2023 पासून नियम बदललेत. मी इंटरच्या आधीच आर्टिकलशिपला लागू शकले. आता पदवीधरालाही आठ महिने अभ्यास करून आधी इंटरचे दोन्ही ग्रुप सोडवावे लागतात, मगच आर्टिकलशिप, तीही तीनऐवजी दोन वर्षं. म्हणजे पदवीनंतरचे ते महिने स्टायपेंडशिवाय काढावे लागणार. दुसरीकडे परीक्षा आता वर्षातून तीनदा होतात. म्हणून तिला म्हटलं, बी.कॉम.ला प्रवेश घे आणि सोबत फाउंडेशन दे. नाही सुटली तरी डायरेक्ट एंट्रीचं दार बंद होत नाही, फक्त 55 टक्के सोडू नकोस.

मावशी क्लासची फी भरायला निघालीच होती. तिला थोडं थांबवलंय. फाउंडेशनच्या अकाउंटिंगचं पुस्तक इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर फुकट आहे. त्यातली पहिली तीन प्रकरणं पोरीनं एकटीनं, इंग्रजीत सोडवून मला पाठवायची आहेत. ती बघून मग क्लास कुठला लावायचा ते ठरवू.