०.८ वजा ०.७ : सरकत्या आरशासाठी डिफरन्शियल स्क्रू

मायकेल्सन इंटरफेरोमीटरचा (प्रकाशकिरण दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणणाऱ्या उपकरणाचा) सरकता आरसा आता बोटाने हवा तिथे थांबवता येतो. आधीचा साधा एम४ (४ मिमी व्यासाचा) स्क्रू एका फेऱ्यात आरसा ०.७ मिमी ढकलायचा. हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, तिच्या निम्मे, म्हणजे ३१६ नॅनोमीटर, आरसा सरकला की एक फ्रिंज (उजळ-काळ्या पट्ट्यांची एक जोडी) पुढे जाते. म्हणजे एका फेऱ्यात बावीसशेच्या वर फ्रिंजेस. त्यातली एक बोटांनी पकडायची म्हणजे अशक्यच.

नव्या स्क्रूमध्ये एकाच एसएस (स्टेनलेस स्टील) रॉडवर दोन आटे आहेत, दोन्ही उजवे: मागे एम५, पिच (एका फेऱ्यात सरकण्याचे अंतर) ०.८ मिमी आणि पुढे एम४, पिच ०.७. एम५चा भाग स्थिर ब्रॅकेटमध्ये फिरतो, एम४चा आरशाच्या प्लेटमध्ये बसवलेल्या फॉस्फर ब्राँझच्या नटात. एक फेरा दिला की रॉड ०.८ मिमी पुढे जातो, पण नट त्याच रॉडवर ०.७ मागे येतो. प्लेटच्या वाट्याला उरतो ०.१ मिमी. व्हर्नियर दोन पट्ट्यांच्या फरकातून बारीक माप काढते, तसेच हे. आता फेऱ्याला ३१६ फ्रिंजेस, एका फ्रिंजला साधारण १.१ अंश. नर्ल केलेली (खरखरीत कडेची) मोठी नॉब लावली की एवढे हाताला जमते. शिवाय दोन्ही पिच नेहमीच्या, महागडा बारीक टॅप (आतले आटे पाडणारे हत्यार) लागत नाही.

खरी गंमत पुढे आहे. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून छोटा आकडा मिळवला की मोठ्यांतली चूक छोट्यावर येऊन बसते. ०.७च्या पिचमध्ये एक टक्का फरक म्हणजे ०.००७ मिमी; ०.१च्या मानाने तो सात टक्के! पहिला स्क्रू डायने (बाहेरचे आटे पाडणाऱ्या हत्याराने) पाडलेला होता. फोटोट्रान्झिस्टर (प्रकाश ओळखणारा सेन्सर) आणि आर्दुइनोने (छोट्या कंट्रोलर बोर्डाने) पाव फेऱ्याला फ्रिंजेस मोजल्या: ७१, ८६, ८४, ७४. बेरीज ३१५, म्हणजे पूर्ण फेऱ्याचा हिशोब बरोबर, पण फेऱ्याच्या आत हेलकावा. डाय जराशी तिरकी बसली की आटे असेच लहरतात आणि साध्या स्क्रूवर ते जाणवतही नाही.

दुसरा स्क्रू बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका लेथवर करून घेतला. अट एकच घातली: जॉब (घडवायचा तुकडा) चकमधून (लेथच्या पकडीतून) न काढता दोन्ही आटे सिंगल पॉइंट टूलने (एकाच टोकाच्या कापणाऱ्या हत्याराने) पाडायचे. कारण असे की लेथच्या लीड स्क्रूची (टूल सरकवणाऱ्या स्क्रूची) पिच समजा हजारात एकाने जास्त असेल, तर ०.८ आणि ०.७ दोन्ही त्याच प्रमाणात वाढतात आणि फरकही हजारात एकानेच वाढतो. चूक सातपट होत नाही. या स्क्रूचे आकडे: ७८, ८०, ७९, ७९. हे पाहून मला झालेला आनंद तुम्हाला वेगळा सांगायला नको.

माझ्या मते यातून एक गोष्ट पक्की ठरते. डिफरन्शियल स्क्रू बारीक सरकवायला उत्तम आहे, पण फ्रिंजेसवर तपासल्याशिवाय त्याच्या नॉबवरच्या खुणांना मायक्रोमीटर मानू नये.

बॅकलॅश (आट्यांमधली ढिलाई) दोन ठिकाणी असतो, तरी एकच स्प्रिंग पुरते. प्लेट ब्रॅकेटकडे ओढली की नट रॉडला दाबतो, रॉड ब्रॅकेटला, आणि दोन्ही आटे एकाच बाजूने टेकतात. नट मात्र रॉडबरोबर फिरता कामा नये. प्लेट स्प्रिंग स्टीलच्या दोन समांतर पट्ट्यांवर उभी असल्याने तो प्रश्न आला नाही. सगळी धाव एक मिमीच्या आतच ठेवली आहे, कारण तेवढ्यासाठी रॉडला आठ मिमी चालावे लागते.

बडोद्याचा उन्हाळा हा वेगळा विषय. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट अंशाला दशलक्षात २३ भाग फुगतो, एसएस ३०४ साधारण १७. तीस मिमी लांबीवर एका अंशाला ०.१८ मायक्रॉनचा फरक, म्हणजे अर्ध्याहून जास्त फ्रिंज. म्हणून मोजणी पहाटे, पंखा बंद ठेवून.

हाच स्क्रू ४० मिमी भुजेच्या झुकत्या माउंटवर लावला तर एका फेऱ्याला अडीच मिलिरेडियन मिळतील. परावर्तित किरण त्याच्या दुप्पट वळेल. पुढचा जॉब एम६, पिच ०.७५ आणि एम४, पिच ०.७ असा आहे. फेऱ्याला ५० मायक्रॉन. तिथे पिचमधल्या चुकीचा पट चौदा-पंधरापर्यंत जातो, त्यामुळे आटे पाडायला त्याच लेथवर जाणार आहे. नट चिरून स्क्रूने आवळायचा की अखंडच ठेवायचा, हे अजून ठरलेले नाही. कोणी दोन्ही करून पाहिले असतील तर आकड्यांसह कळवा.