तुम्ही विचारलंत म्हणून: रिलीज नोट्समध्ये अजून फोर्ट्रान ७७ कशाला?

ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात हे विचारतोच, आता तर मॅनेजरही विचारायला लागलेत, की दर रिलीजला काय बदललं ते सांगणाऱ्या नोट्समध्ये जुन्या फोर्ट्रानवर (वैज्ञानिक आकडेमोडीची जुनी प्रोग्रामिंग भाषा, ७७ ही तिची जुनी आवृत्ती) दीड पान कशाला, वाचतं कोण ते. तर एकदाच सांगते.

आधी मीही हेच म्हणायचे. आमचा कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, जीफोर्ट्रान ह्या फुकट मिळणाऱ्या फोर्ट्रान कंपायलरवर बेतलेला, तिकडून आलेले बदल चाळून आमच्या नोट्स लिहिणं हे माझं काम, आणि चाळताना गाळायला मला भारी आवडायचं. २०२० च्या जीसीसी १० मध्ये (जीफोर्ट्रान ज्या कंपायलर-संचात येतो त्याची आवृत्ती), एकाच फाइलीत एका सबरुटीनला, म्हणजे प्रोग्रामच्या एका उपविभागाला, एकदा रिअल (दशांश संख्या) नि एकदा इंटिजर (पूर्णांक) पाठवलं तर थेट एरर यायला लागली, लोक वैतागले, पण त्या बदलाचं मला काही वाटत नाही. एरर दिसते तरी, कंपायलरला अलाव-आर्ग्युमेंट-मिसमॅचचा फ्लॅग, म्हणजे ही सूट देणारा पर्याय, लावला की काम पुढे चालू.

मी खाल्लेली ओळ वेगळी. सबरुटीनमधला ॲरे (आकड्यांची रांग) ठरावीक मापापेक्षा मोठा असला की जीफोर्ट्रान तो स्टॅकवर, म्हणजे कॉल संपला की सुटणाऱ्या जागेत, न ठेवता स्टॅटिक करतो, म्हणजे त्याची जागा कायम राहते. हे माप आधी ३२,७६८ बाइट होतं, मग ६५,५३६ झालं. म्हटलं ह्याने कुणाचं काय बिघडतंय, उडवली.

बिघडलं. नदीच्या पुराची पातळी काढणारा एक प्रोग्राम, त्यात १०,००० रिअल आकड्यांचा ॲरे, प्रत्येकी चार बाइट म्हणजे ४०,०००, बरोब्बर दोन मापांच्या मधे. लिहिणाऱ्याने सेव्ह, म्हणजे आकडे पुढच्या कॉलपर्यंत जपायला सांगणारा शब्द, लिहिलंच नव्हतं, मागच्या कॉलचे आकडे ॲरेत राहतात हे धरूनच चाललेला, आणि इतकी वर्षं ते राहतही होते. आता ॲरे स्टॅकवर गेला. एरर नाही, वॉर्निंग नाही, उत्तरं चुकीची, तीही खरी वाटावीत अशी. ते सांभाळणारे सर अकरा दिवस शोधत होते. तपासायला मधे एक राइट (आकडे छापणारी ओळ) टाकला की उत्तर बदलायचं, काढला की तिसरंच. शेवटी फोन आला. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मॅडम, तुमच्या नोट्स दोनदा वाचल्या हो, माझ्याच नजरेतून सुटलं असेल." मी फाइल उघडून बघत होते, त्यात ते नव्हतंच, आणि फोनवर काय बोलावं सुचेना.

चूक त्यांच्याच कोडची, हे मी आजही म्हणते. सेव्ह लिहा हे भाषेचं स्टँडर्ड फोर्ट्रान ७७ पासून सांगतंय. पण हे त्यांना अकराव्या दिवशी कळावं की पहिल्या, तेवढं माझ्या हातात होतं ना. शिवाय लोकांना वाटतं एसटीडी-लेगसी हा फ्लॅग लावला की झालं. अहो, तो जुनं व्याकरण चालवून घेतो, मेमरीच्या जुन्या सवयी नाही, त्यासाठी नो-ऑटोमॅटिक हा दुसरा फ्लॅग लागतो, आणि हे कुठेतरी लिहायला नको?

आता गंमत बघा, सरांनी मेकफाइलमध्ये (कंपायलर कसा चालवायचा ते लिहिलेली फाइल) नो-ऑटोमॅटिक टाकला आणि सेव्ह अजून लिहिलेलं नाही. त्या फ्लॅगने ज्यांना सेव्हची गरजच नाही तेही स्टॅटिक होतात, म्हणजे उद्या हे थ्रेड्सवर (एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांवर) चालवायला घेतलं की सगळे थ्रेड त्याच त्या जागांत लिहिणार. म्हणजे मी कुबडीच दिली म्हणायची. कधीकधी वाटतं, गाळणारी मी बरोबर होते, एकदा आपटले असते तर दुरुस्त तरी केलं असतं. मग तो फोन आठवतो.

या वेळच्या ड्राफ्टमध्ये त्याच परिच्छेदाशेजारी कुणीतरी कॉमेंट टाकलीय, "हे कमी करता येईल का?" सकाळी मी दोन ओळी काढल्या. संध्याकाळी परत घातल्या.