आवाज न काढता

रात्रीचे साडेअकरा. पाय सुजलेत, तरी लिहून ठेवते.

आज पार्टीचा सीन होता. या मालिकेत गर्दीतली बाई म्हणून अकरा वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी मी रंगीत पाण्याचा ग्लास धरून उभी असेन. ग्लास नुसता ओठांना लावायचा. पाणी प्यायलं की पातळी खाली जाते आणि शॉटला शॉट जुळतोय का बघणारी कंटिन्युइटीवाली पोरगी ओरडते. बघणाऱ्यांना वाटतं, मागे संगीत चाललंय. सेटवर चिडीचूप असतं. टेकमध्ये फक्त मुख्य कलाकारांचे संवाद रेकॉर्ड करतात, गाणं आणि गर्दीची कुजबुज नंतर चढवतात. आम्ही शांततेतच नाचतो.

नव्या मुलांना असिस्टंट सांगतो, ‘काहीही बोला, आवाज काढू नका.’ ती बिचारी एक-दोन-तीन-चार म्हणत बसतात. मी आणि गर्दीतली माझी मैत्रीण मात्र पहिल्यापासून खरंखुरं बोलतो. तिच्या मुलीचं मोडलेलं लग्न, माझा गुडघा, सगळं कॅमेऱ्यापुढे, बिनआवाजी. ओठ वाचायची इतकी सवय झालीये की सुट्टीत मोठ्याने बोलताना उलट अवघडल्यासारखं होतं.

मध्यंतरी ब्रिटनच्या ‘ईस्टएंडर्स’बद्दल वाचलं होतं. ती मालिका १९८५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासूनची त्यातली नटी जेन स्लॉटर, म्हणजे ‘क्वीन विक’ पबच्या काउंटरमागची ट्रेसी. पबचे मालक बदलत गेले, २०१० मध्ये कथेत पबला आग लागली, ट्रेसी टिकली. क्वचित एखादं वाक्यही तिच्या वाट्याला येतं. मला हेवा वाटतो तो तिच्या नावाचा. नाव असलं की माणूस जाताना लेखकाला काहीतरी कारण शोधावं लागतं. आमच्या कॉलशीटवर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या यादीत, नुसतं ‘पार्टी – १४ जण’.

तर आज. मास्टर शॉट, म्हणजे सगळा सीन एकाच फ्रेममध्ये. हिरॉइन आत येते, तेव्हा मी मान मागे टाकून हसायचं, असं ठरलेलं. माझ्या मैत्रिणीची पाठ कॅमेऱ्याकडे, तोंड माझ्याकडे. पहिला टेक नीट गेला, पण हिरॉइन वाक्य विसरली. वन मोर. दुसऱ्या टेकला हिचे ओठ हलले, ‘ताई, आज माझा शेवटचा दिवस.’ तेवढ्यात हिरॉइन आत आली. मी हसले. तिसऱ्याला म्हणाली, ‘मुलीकडे जातेय, कायमची.’ पुन्हा एन्ट्री, पुन्हा हसू, त्याच जागी, तेवढंच. चौथ्या टेकला ती काही बोललीच नाही. डोळे भरलेले. हसले, तो टेक ओके झाला.

क्लोजअपला गर्दी लागत नाही, म्हणून आम्हाला बाहेर काढलं. मी चपला बदलेपर्यंत ती कपडे परत करून गेली होती.

उद्या हाच सीन पुढे आहे. तिचा निळा ड्रेस दुसऱ्या कुणाला तरी घालतील. पाठच तर दिसते, जमून जाईल.