तुम्ही विचारलंत म्हणून: दिव्यांग सुपरहिरो रंगवताना

मी सुपरहिरोंचे टेबलटॉप गेम (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र रंगवायचं, असे खेळ) चालवते, त्यामुळे हा प्रश्न वरचेवर येतो: "माझ्या पात्राला अपंगत्व द्यायचंय, पण कुणाचा अपमान व्हायला नको. काय करू?"

आधी पात्राची शक्ती बाजूला ठेवा आणि त्याचा एक साधा दिवस लिहून काढा. 1964 साली कॉमिक्समध्ये आलेला डेअरडेव्हिल अंध वकील आहे, पण रडारसारख्या जाणिवेमुळे त्याला भोवतालचं इतकं कळतं की अनेक प्रसंगांत पांढरी काठी नुसती वेषांतरापुरती उरते. बॅटमॅनच्या कॉमिक्समधल्या बॅटगर्लचं, म्हणजे बार्बरा गॉर्डनचं, तसं झालं नाही. 1988 मध्ये गोळी लागून तिचं चालणं थांबलं. पुढच्याच वर्षी किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखकांनी तिला 'ओरॅकल' केलं. व्हीलचेअरवर बसून, संगणकाच्या जोरावर ती भल्याभल्या हिरोंना वाट दाखवू लागली. त्यांनी तिला बरं केलं नाही, काम दिलं! 2011 मध्ये तिला पुन्हा चालतं केलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

नियमही तपासा. 1981 च्या 'चॅम्पियन्स' या सुपरहिरो गेममध्ये अपंगत्व घेतलं की पात्र बनवतानाच शक्ती घ्यायला जादा पॉइंट मिळतात. मग खेळाडू एक हात देऊन लेसर घेतो आणि पुढे त्या हाताची कुणाला आठवणही राहत नाही. मला 'म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स' या दुसऱ्या गेमच्या तिसऱ्या आवृत्तीची रीत पटते: अडचण खेळात खरोखर आडवी आली, तरच हिरो पॉइंट, म्हणजे ऐन वेळी वापरायची जादा मदत.

आडवं काय येणार, हे गेम चालवणाऱ्याच्या हातात असतं. आमच्याकडे लोखंड वाकवणारी एक कर्णबधिर नायिका आहे. खलनायकाने गोदामातले दिवे घालवले आणि तिला साथीदारांचे हात दिसेनात, ओठ दिसेनात, बोलणंच तुटलं. तेव्हापासून अंधार झाला की एकाने टॉर्च बोलणाऱ्याच्या हातांवर धरायचा, हे टीमचं ठरून गेलं. त्याच गोदामात एक साथीदार जाड काचेपलीकडे अडकला. बाकीचे ओरडून थकले, तिने खुणांच्या भाषेत त्याला अख्खी योजना समजावली. लोखंडाला हातही लागला नाही.

मात्र ही भाषा टीमला एका रात्रीत येऊ देऊ नका, शिकायला वेळ द्या. टेबलावर कुणी कर्णबधिर खेळाडू असेल तर असा प्रसंग घालण्याआधी त्यांना विचारा. आणि तुमचं एखादं पात्र अशा नायिकेशी बोलत असेल, तर दुभाष्याकडे नाही, तिच्याकडे बघून बोलू द्या.