ट्रेलरला कारचे टायर घालू नका: इंदूर ते बडोदा, सोळा तासांचा वृत्तांत

सरळ मुद्द्यावर येतो. इंदूर ते बडोदा हा साधारण साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता ट्रेलर ओढायला चांगला आहे. धार बाजूला टाकून राजगढ, झाबुआ, दाहोद, गोधरा, हालोल. सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघालात तर संध्याकाळच्या चहाला दांडिया बाजारात मामाकडे टेकायला हरकत नाही. आम्ही सकाळी साडेसातला निघालो आणि रात्री साडेअकराला पोचलो. मामी जागी होती, वरण-भात गार झाला होता, आणि माझ्या हातांना दोन दिवस ग्रीसचा वास येत होता.

सगळा घोळ एका टायरचा. आणि तो टायर दिसायला नवाकोरा होता, हे मुद्दाम सांगतो. नक्षी शाबूत, काळाभोर, चकचकीत.

आमचा ट्रेलर एका अॅक्सलचा, दोन चाकांचा. इंदूरमध्येच एकाकडून मार्च २०२४ मध्ये बनवून घेतला. पासिंग, नंबरप्लेट सगळं रीतसर. आत दोन पलंग, डाव्या अंगाला ओटा, गॅस, बॅटरी आणि ८० लिटरची पाण्याची टाकी. त्याने टायर घातले १६५/८० आर १४, म्हणजे साध्या सेडान कारचे. मी विचारलं होतं, हे पुरतील ना? तो म्हणाला, "ट्रेलर को क्या भिया, इंजन थोड़ी है उसमें." मला ते पटलं. शिकला-सवरलेला माणूस असून पटलं, याची लाज अजून वाटते.

खरं तर ट्रेलरच्या टायरचे हाल कारच्या टायरपेक्षा जास्त. उंच खोका वाऱ्याने आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या झोताने डुलतो, तो ताण टायरच्या भिंतीवर, म्हणजे बाजूच्या उभ्या रबरावर येतो. वर्षातले अकरा महिने ट्रेलर एकाच जागी, एकाच अंगावर, उन्हात उभा. म्हणून ट्रेलरचा टायर घासून संपत नाही, वयाने आणि ओझ्याने मरतो. नक्षीत नाणं घालून खोली मोजणाऱ्यांनी ते नाणं खिशात ठेवावं.

आता राजगढ आणि झाबुआच्या मधला माछलिया घाट. हा घाट पूर्वी खड्ड्यांसाठी बदनाम होता. आता रस्ता रुंद झालाय, आणि म्हणूनच पाय आपोआप दाबला जातो. मेचा पहिला आठवडा, पावणेअकरा वाजलेले, डांबर तापलेलं. मी ८० वर होतो. मला काहीही जाणवलं नाही. धक्का नाही, आवाज नाही. बोलेरो किंचित जड ओढतेय असं वाटलं, ते मी चढावर ढकललं. मग एक मोटरसायकलवाला शेजारी आला आणि मागे हात करून ओरडायला लागला. आरशात पाहिलं तर डाव्या चाकातून धूर.

उतरून पाहिलं तेव्हा टायरची बाहेरची भिंत पूर्ण गोल कापल्यासारखी सुटली होती. नक्षीचा पट्टा वेगळा होऊन चाकाच्या कमानीवर आपटत होता. कमानीचा पत्रा फाटून आतल्या ओट्याखालचं कपाट दिसत होतं, आणि कपाटातल्या तुरीच्या डाळीचा डबा फुटून डाळ सगळ्या घाटभर. मुलगा वाकून टायर बघत होता. तो म्हणाला, "बाबा, १११९ म्हणजे काय?"

१११९ म्हणजे २०१९ सालचा अकरावा आठवडा. भिंतीवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २०२४ मध्ये 'नवा' म्हणून घातलेला टायर तेव्हाच पाच वर्षांचा होता. घाटात फुटला तेव्हा सहा पूर्ण. हा आकडा पुष्कळदा एकाच भिंतीवर असतो, आणि बसवणारा ती बाजू आत टाकतो. मुद्दाम की सवयीने, देव जाणे. टॉर्च घेऊन ट्रेलरखाली शिरा आणि वाचा.

स्पेअर होता. हे वाक्य लिहितानाही राग येतो. स्पेअरच्या रिमला पाच भोकं, आमच्या हबला (चाक ज्यावर बसतं त्या तबकडीला) चार बोल्ट. चौदा महिने तो मागे लटकत होता, त्याला मी छान कव्हर शिवून घेतलं होतं, पण एकदाही लावून पाहिला नव्हता. निघण्याआधी स्पेअर प्रत्यक्ष बसवून दहा मिनिटं फिरवून आणा. जॅक, पाना, गेज, हवेचा पंप तुमच्याकडे असेलच असं धरून चालतोय. नसेल तर घरी बसा. फक्त कारचा जॅक ट्रेलरच्या अॅक्सलखाली, टायर बसलेला असताना, शिरतो का तेवढं बघा. आमचा शिरला नाही. दगड रचून दुसऱ्या गाडीचा बाटली जॅक लावला.

इथून लूट सुरू. पुलाच्या कठड्यावर रंगवलेल्या नंबरवर फोन केला. माणूस आला, आल्याचे ८०० रुपये. त्याचा उपाय: फाटलेल्या टायरमध्ये आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचा, वर ट्यूब घालायची, १,५०० रुपये, "बडोदा क्या, मुंबई चले जाओ." नको म्हटलं. भिंत फाटलेला टायर दुरुस्त होत नाही. कोणी कितीही छातीठोक सांगितलं तरी नाही. आणि ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घातली की आत घासून उष्णता वाढते, उन्हाळ्यात तर विचारूच नका.

बायको आणि मुलगा ट्रेलरपाशी थांबले, मी ते चाक बोलेरोत टाकून झाबुआला गेलो. दुकानदाराने इंदूरात साडेचार-पाच हजारांत मिळणाऱ्या टायरचे ७,२०० सांगितले. आधी काढलेला टायर चार वर्षं जुना निघाला. तारीख दाखवल्यावर तो आतून दुसरा घेऊन आला, सात महिन्यांचा, म्हणजे होता! मग व्हॉल्व्हचे २५०, वाकलेल्या रिमवर चार हातोडे मारायचे ५००, बॅलन्सिंगचे ४००, आणि नायट्रोजनचे ३००. नायट्रोजन मी साफ नाकारला. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. हवा कमी असेल तर नायट्रोजनही टायर वाचवत नाही. बाकीचे दिले. घाटात कुटुंब उभं असताना भाव करता येत नाही, हे त्यालाही कळत होतं.

मोठ्या साइजचा टायर तिथे नव्हताच. म्हणून परत तोच कारचा टायर लावला, पाण्याची टाकी रस्त्याकडेला रिकामी केली, गॅस, बॅटरी, तांदूळ, सगळं जड सामान बोलेरोत घेतलं आणि ५० च्या वर न जाता बडोदा गाठलं. पिटोलला मध्य प्रदेश-गुजरातची हद्द ओलांडताना अंधार झाला होता. दर तासाला थांबून हबवर आणि टायरवर हात ठेवायचा. हात ठेवून धरता येईल इतपत ऊब चालते. चटका बसला तर हवा कमी, ओझं जास्त किंवा बेअरिंग गेलं.

बडोद्याचे चार दिवस मजेत गेले. चांपानेर, पावागड झालं. त्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, मी लिहीत नाही.

कामाचा दिवस तिसरा. मामेभाऊ मला मकरपुऱ्याकडच्या एका गाड्यांच्या वजनकाट्यावर घेऊन गेला. ट्रेलर जसा इंदूरहून निघाला होता तसा भरला, टाकीसकट. आधी दोन्ही चाकं काट्यावर, मग फक्त डावं चाक वर आणि उजवं बाहेर जमिनीवर. बहुतेक लोक एकूण वजन करतात आणि थांबतात. ती चूक करू नका. दोन्ही चाकं मिळून ११३० किलो. डावं एकटं ६४०, उजवं ४९०. ओटा, टाकी, गॅस, बॅटरी, सगळं डावीकडे.

आता टायर काय म्हणत होता? साइजच्या पुढे ८५ टी असं लिहिलेलं. टी ही वेगाची खूण, ८५ हा भारांक, म्हणजे पुऱ्या हवेला एका टायरवर ५१५ किलो. दोन्ही मिळून १०३०, आणि ट्रेलर ११३०! डाव्या चाकावर सव्वाशे किलो जादा. त्यात त्या महाभागाने हवा भरली होती ३० पाउंड, 'कारसारखी'. हवा कमी तर तो ५१५ सुद्धा पेलत नाही. अमेरिकेत तर कारचा टायर ट्रेलरला लावायचा झाल्यास त्याचा भार १.१ ने भागून धरतात; त्या हिशोबाने ४६८. मी तर म्हणेन, तो चौदा महिने टिकला हेच नवल. अर्थात उभाच होता म्हणून.

अमेरिकेत ट्रेलरसाठी 'एसटी' खुणेचे वेगळे टायर असतात. नेटवरचे व्हिडिओ बघून ते शोधत बसू नका. आपल्याकडे छोट्या मालवाहू गाड्यांचे, साइजच्या शेवटी 'सी' किंवा 'एलटी' लिहिलेले टायर घ्या. त्यांच्या भिंती जाड आणि ताठ असतात. मी १८५ आर १४ सी घेतला, ८ पीआर (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायरच्या मजबुतीचा आकडा), भारांक १०२/१००. पहिला आकडा एकेरी चाकाचा: ८५० किलो. दोन्ही मिळून १७०० किलो, म्हणजे माझ्या डाव्या जड चाकालाही पाव भाग शिल्लक. इतकी शिल्लक हवीच. काठावरचा हिशोब करणाऱ्याने माझी डाळ आठवावी. प्रत्येकी ६,३०० पडले, दोन्ही चार महिन्यांच्या आतले, आणि दोन्ही एकाच आठवड्याचे.

पण नुसता टायर बदलून भागत नाही, इथे मामेभावाच्या ओळखीच्या टायरवाल्याने दोन गोष्टी दाखवल्या ज्या मला ठाऊक नव्हत्या. हा टायर आपला पुरा भार ६५ पाउंड हवेला उचलतो. कारचा साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ ला त्याच्या टोकाला पोचतो, आणि कारच्या रिमचाही भार ठरलेला असतो. म्हणून मालवाहू गाडीच्या रिम घेतल्या, नटाने आवळायचे धातूचे व्हॉल्व्ह घातले. या वेळी तीन रिम घेतल्या. भोकं मी स्वतः मोजली. चार.

दुसरी गोष्ट, हा टायर जुन्यापेक्षा व्यासाने सुमारे तीन सेंटीमीटर मोठा आणि दोनेक सेंटीमीटर रुंद. आमच्या कमानीत वर दोन बोटंच जागा होती. ट्रेलर पूर्ण भरून, एका चाकाखाली वीट ठेवून पाहिलं तर टायर पत्र्याला लागत होता. कमान तशीही फाटलेलीच होती, ती कापून वाढवून घेतली. तुम्ही टायर घेण्याआधी फूटपट्टी लावा, नंतर नको.

हवा मी ६० ठेवतो. सकाळी, टायर गार असताना, सावलीत. दुपारी तापल्यावर गेज ६६ दाखवतं म्हणून घाबरून हवा सोडणारे लोक मी पाहिलेत. सोडू नका, गार झाल्यावर कमी पडेल. व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचे सेन्सर घेतले, त्याचा छोटा पडदा डॅशबोर्डवर. ट्रेलरची हवा गेलेली चालवणाऱ्याला कळत नाही, मला ती मोटरसायकलवाल्याने कळवली; दर वेळी तो भेटेलच असं नाही. नट पहिल्या ८० किलोमीटरनंतर परत आवळा. नव्या रिमवर माझे दोन नट चांगले पाव फेरा फिरले. टाकीही आता उजवीकडे घेतली आहे.

परतीला माछलिया घाटात मुद्दाम त्याच जागी थांबलो. ७० वर आलो होतो, डावा ६६, उजवा ६५. हबवर हात ठेवला, कोमट. रस्त्याच्या कडेला अजून थोडी डाळ होती.

इंदूरला आल्यावर फाटलेला टायर घेऊन ट्रेलर बनवणाऱ्याकडे गेलो. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, सामान जास्त भरलं असेल तुम्ही. मग चहा मागवला. अंगणात दुसरा ट्रेलर तयार उभा होता, पांढरा, आमच्यापेक्षा हातभर लांब. चहा येईपर्यंत मी वाकून बघितलं: १६५/८० आर १४, ०८२०. गुरुवारी डिलिव्हरी आहे म्हणाला.