साठीची पोर्ट, हळदोण्याच्या घरात

आमच्या कॉलेजच्या टोळक्यातले बहुतेक जण १९६६च्या आसपासचे. साठीनिमित्त सत्यनारायण घालायचा की गोव्याला जायचं, यावर मतदान झालं आणि अपेक्षित पक्ष जिंकला. पण गोव्याला जाऊन नेहमीचं न करता आपल्याच वयाची पोर्ट प्यायची, ही कल्पना आमच्यातल्या लंडनच्या डॉक्टरची. गोव्यातल्या हळदोणे गावच्या एका घरात ते जमलं. पुढे कुणाला असं काही करायचं असेल, तर हा वृत्तांत उपयोगी पडावा.

आधी एक गोष्ट साफ करतो. गोव्यातल्या दुकानांत पोर्ट वाइन म्हणून मिळणारी गोड, स्वस्त बाटली वेगळी आणि व्हिंटेज पोर्ट वेगळी. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. द्राक्षांचा रस आंबत असताना साधारण निम्मी साखर शिल्लक असते, तेव्हाच त्यात सुमारे ७७ टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात. आंबणं तिथेच थांबतं, गोडवा राहतो आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. वर्ष खास उतरलं, तर कंपनी त्या सालाची ‘व्हिंटेज’ जाहीर करते. दोन-तीन वर्षं लाकडात ठेवून माल न गाळता बाटलीत भरायचा, पुढची पन्नास वर्षं बाटलीने सांभाळायचा. टॉनी पोर्टचं उलट. ती पिंपातच म्हातारी होते, बाटलीत गेल्यावर तिच्यात फारसा बदल होत नाही.

हा फरक गोव्यात फार कामाचा. जुन्या घरातल्या कपाटात ‘पोर्तुगीज काळातली’ बाटली आहे, असं कुणी ना कुणी सांगतंच. तिचं बूच बघा. वर प्लॅस्टिकची टोपी असलेलं, हाताने उपटता येणारं बूच असेल, तर ती बहुधा टॉनी किंवा साधी रुबी, म्हणजे ठेवून न देता लगेच प्यायची स्वस्त पोर्ट. ठेवून काही मिळालेलं नसतं. आत खोल ठोकलेलं लांब बूच असेल, तरी १९६१ पासूनचे उन्हाळे तिने कौलांखाली काढलेले असतात. भावनेपोटी पैसे मोजू नका. व्हिंटेज पोर्टचा मोठा गिऱ्हाईक पहिल्यापासून इंग्रजच. डाऊ, टेलर, ग्रॅहम, वॉर या पोर्ट कंपन्यांची नावं त्यामुळेच इंग्रजी वळणाची. गोव्यावर राज्य पोर्तुगीजांचं होतं म्हणून इथे तिचे साठे सापडतील, हा हिशेब चुकतो.

आमच्या बाटल्या लंडनहून आल्या: फोन्सेका १९६३, डाऊ १९६६, टेलर आणि ग्रॅहम दोन्ही १९७०, वॉर १९७७ आणि एक राखीव. १९७० पर्यंतची पोर्ट पिंपांतूनही इंग्लंडला जायची आणि तिथले व्यापारीही ती बाटल्यांत भरायचे. म्हणून एकाच कंपनीच्या एकाच सालाच्या दोन बाटल्यांना वेगवेगळी लेबलं दिसली, तर बिचकू नका. बघायचं ते मानेतली पातळी आणि बुचाभोवतीची गळती. बाटलीवर चुन्याचा फटकारा मारल्यासारखी पांढरी खूण असेल, तर ती आडवी ठेवताना वरची बाजू कुठली ते सांगते.

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे माणशी दोन बाटल्या. तिघांनी मिळून सहा आणल्या, चेक-इनच्या बॅगेत, मोज्यांत आणि जुन्या स्वेटरांत गुंडाळून. शक्यतो थेट गोव्याला उतरा, दाबोळी असो की मोपा. मुंबईला उतरून पुढे गाडीने आलात, तर वाटेत दोन राज्यांचे अबकारी नियम लागतात आणि त्या दगदगीत बाटल्या ढवळून निघतात ते वेगळंच.

ढवळणं हीच मोठी अडचण. जुन्या पोर्टला तळाशी बोटभर साका असतो. प्रवासात तो हलला की वाइन गढूळ आणि कडवट लागते. त्यामुळे बाटल्या कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी पोहोचवल्या आणि घरमालकीण माईंच्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवल्या. त्यासाठी माईंनी भाजीचा खालचा कप्पा रिकामा केला. “तुमचा हा काढा राहू दे इथे, पण माझ्या सोलकढीला धक्का लावाल तर खबरदार,” एवढीच अट. एसीच्या खोलीवर विसंबू नका. वीज गेली की दोन तासांत खोली बाहेरच्याइतकी तापते. फ्रिज निदान बंद दारामागे तग धरतो.

महिना जानेवारीच निवडा. संध्याकाळी सातनंतर बाहेर बसता येतं. पोर्ट १६ ते १८ अंशांना उत्तम. पेल्यात ती पंचविशीच्या वर गेली की नाकात नुसती दारू चढते. आम्ही डिकँटर (वाइन ओतून घ्यायच्या काचेच्या सुरया) पाण्याच्या पिंपात गळ्यापर्यंत उभे केले, वर मूठभर बर्फ. पिंपात थर्मामीटर सोडून डॉक्टर तिथेच ठाण मांडून बसला.

उघडणं हा स्वतंत्र सोहळा. पोर्टच्या बाटलीची मान मधे फुगीर असते, बूच तिथे जाऊन फुगतं आणि पन्नास वर्षांनी मऊ मातीसारखं होतं. साधा स्क्रू घातला की मधोमध भोक पडतं, बूच जागेवरच. दोन पात्यांचा चिमटा घ्या. एक पातं बूच आणि काच यांच्यामध्ये सरकवायचं, मग दुसरं, आणि दोन्ही डुलवत डुलवत खाली उतरवून पिळत वर काढायचं. डाऊचं बूच तरीही अर्ध्यात तुटलं, उरलेलं आत पडलं. काही बिघडत नाही. स्वच्छ धुतलेली मलमल फनेलवर धरा, मागे टॉर्च ठेवा आणि एकाच धारेत, हात न थांबवता ओता. मानेत काळी रेघ आली की थांबा. मलमल साबणाने धुतलेली नको. साबणाचा वास उतरतो. १९६३ आणि १९६६च्या बाटल्या दीड तास आधी, १९७७ची चार तास आधी ओतली.

राखीव बाटली कामी आली, कारण एकीला ओल्या पुठ्ठ्याचा वास निघाला, म्हणजे बुचाने वाइन बिघडवलेली. पाच बाटल्या चाखायच्या तर सहावी हवीच.

माणसं बाराच. साका वगळून एका बाटलीत माणशी पंचावन्न मिलिलिटर बसतात. पाच बाटल्यांचं गणित केलं, तर प्रत्येकाच्या पोटात एका मोठ्या स्ट्राँग बिअरपेक्षा थोडं जास्तच अल्कोहोल जातं. गोड असल्याने ते कळत नाही. भाड्याच्या स्कूटरवर कुणी परत जाणार असेल, तर त्याला बोलावू नका. आम्ही सगळे त्याच घरात मुक्कामाला होतो.

क्रम जुन्याकडून नव्याकडे. उलट केलं असतं, तर वॉरच्या दमदार गोडीनंतर १९६३ पाणीदार वाटली असती. तिचा रंग विटकरी झाला होता, पेल्याच्या कडेला जवळजवळ सोनेरी. वास सुक्या अंजिरांचा आणि जुन्या सागवानी कपाटाचा. १९६६ कोरडी, सडसडीत, शेवटी किंचित तुरट. वाढदिवसवाल्यांनी ती आपलीच म्हणून डोक्यावर घेतली. मला विचाराल, तर रात्र टेलर १९७०ने मारली. ती अजून थकलेली नव्हती.

खाण्याबाबत माझं मत ठाम आहे. बेबिंका नको. नारळाचा रस, तूप आणि साखर यांच्यापुढे पोर्ट फिकी पडते; तो मान जेवणानंतरचा. चोरीस पाव त्याहून वाईट, तिखट आणि व्हिनेगर जीभ बधिर करतात. भाजलेले बिनमिठाचे काजू, अक्रोड आणि खारट जुनं चीज एवढं पुरे. आणि स्वयंपाकघराला आधी कल्पना द्या. आमच्याकडे १९६३चा पहिला घोट आणि शेजारच्या घरातल्या बांगड्यांची फोडणी एकाच मुहूर्तावर आले, मग खुर्च्या उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं. डासांची कॉइल आणि अत्तर यांचंही तेच. पायाला ओडोमॉस, पण हाताला नाही.

उरलेली वाइन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा, इतक्या जुन्या मालाला हवा फार सोसत नाही. अर्धी बाटली घरी न्यायचा मोह आवरा. सीमेवरची पत्रादेवी ओलांडली की महाराष्ट्राचा परवाना लागतो आणि इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात. आमची मात्र सुटका पटकन झाली, कारण डिकीत सहा रिकाम्या बाटल्या आणि माईंनी दिलेलं आमसुलाचं पोतं एवढंच होतं.