गाडीला अंधार कळतो, धुकं कळत नाही

चुलतभावानं दसऱ्याला नवीन गाडी घेतली आणि तेव्हापासून त्याचे व्हॉट्सॲपवर मला प्रश्न सुरू झालेत, कारण घरात सगळ्यांचा असा समज आहे की कॅनडात राहणाऱ्या माणसाला गाडीतलं सगळंच कळतं. परवाचा प्रश्न मात्र चांगला होता. "ताई, लाईटच्या दांडीवर ऑटो म्हणून खूण हाय, तितं ठेवलं की झालं न्हवं? परत हात कशाला लावायचा?" म्हटलं थांब, ह्यावर सविस्तरच लिहिते, कारण साधारण ह्याच गैरसमजापायी इकडच्या सरकारला नियम बदलायला लागलाय.

आधी ते ऑटो, म्हणजे अंधार पडला की लाईट आपोआप लावणारं, चालतं कसं ते बघू. पुढच्या काचेला आतून, आरशाच्या मागं, एक काळा ठिपका किंवा छोटी डबी चिकटवलेली दिसेल, त्यात उजेड मोजणारा सेन्सर असतो आणि बऱ्याच गाड्यांत पावसाचा सेन्सरही तिथंच. काही गाड्यांत तो डॅशबोर्डवर काचेजवळ छोट्या टेंगळासारखा असतो. तो बाहेर किती उजेड आहे तेवढंच मोजतो, बाकी त्याला काही कळत नाही. युरोपात आणि बऱ्याच देशांत जो संयुक्त राष्ट्रांचा नियम चालतो त्यात आकडेच दिलेत: बाहेरचा उजेड १००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) खाली गेला की २ सेकंदांच्या आत डिपर, म्हणजे खाली रस्त्यावर पडणारी हेडलाईट, लागला पाहिजे, ७००० च्या वर गेला की बंद, पण लगेच नाही, ५ सेकंद तरी थांबून, आणि मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनीनं ठरवायचं. म्हणून पुलाखालून जाताना लाईट सारखी उघडझाप करत नाही. कोल्हापूरहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरलं की आपोआप लागते ना, ती ह्याच्यामुळं. बोगद्यात ऑटो एक नंबर, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता कॅनडाची गोष्ट. इथं १ डिसेंबर १९८९ पासून बनलेल्या प्रत्येक नवीन गाडीला दिवसाची लाईट सक्तीची आहे, म्हणजे इंजिन चालू केलं की पुढं उजेड, तुम्हाला हवा असो वा नसो. तुमच्याकडं आता शोरूमवाले ज्याला डीआरएल म्हणून मिरवतात तेच. कल्पना चांगलीच आहे, समोरून येणारी गाडी लांबून दिसते. पण ही लाईट फक्त पुढं. मागचे लाल दिवे तिच्याबरोबर लागलेच पाहिजेत असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यात नंतर डॅशबोर्ड झाले डिजिटल, दिवसरात्र झगझगीत. पूर्वी काटे दिसेनासे झाले की माणसाला कळायचं की अरे लाईट लावली नाही, आता सगळं कायम चमकतंय, पुढं रस्त्यावर उजेड पडतोय, शहरात खांबावरचे दिवे आहेत, मग माणूस निवांत जातोय आणि मागून त्याची गाडी म्हणजे नुसता काळोख. इकडं ह्याला भुताची गाडी म्हणतात आणि रात्री हायवेवर शंभरच्या स्पीडनं जाताना अचानक पुढं असं भूत दिसलं ना, पोटात गोळाच येतो.

शेवटी सरकारनं सांगितलं की सप्टेंबर २०२१ पासून नवीन गाड्यांत तीनपैकी काहीतरी एक करा: दिवसाच्या लाईटबरोबर मागचे दिवेही लागू देत, नाहीतर अंधार पडला की सगळी लाईट आपोआप लागू दे, नाहीतर लाईट लावेपर्यंत डॅशबोर्ड अंधारात ठेवा म्हणजे ड्रायव्हरला आपणहून कळेल. मला त्यातला तिसरा पर्याय लई आवडला, एकदम गावठी आणि खात्रीचा. जुन्या गाड्या अर्थातच अजून रस्त्यावर आहेत, त्यामुळं भुतं काही संपलेली नाहीत. कुणी दिसलं की मागचे लोक डिपर मारून सांगायचा प्रयत्न करतात आणि पुढच्याला वाटतं हा मला ओव्हरटेक करायच्या घाईत आहे. आपल्याकडं कसं, दिवसा कुणाच्या बाईकची लाईट चालू दिसली की अनोळखी माणूससुद्धा पाची बोटं उघडझाप करून सांगून जायचा, ती पद्धत फार भारी होती. आता १ एप्रिल २०१७ पासूनच्या नवीन टू-व्हीलरची लाईट कायम चालूच असते म्हटल्यावर ती बोटंही बंद होत चालली असतील. तरी गल्लीतली माणसं सांगतातच. भाऊ म्हणाला कोल्हापुरात गंगावेशीत गाडी लॉक करून निघाला तर चारजण ओरडले, "ओ, लाईट चालू ऱ्हायली!" ती राहिलेली नव्हती, उतरल्यावर दारापर्यंत उजेड मिळावा म्हणून अर्धा मिनिट लागून राहते आणि मग विझते. पण प्रत्येकाला थांबून हे समजावत बसायचं म्हणजे अवघडच.

थंडीत इकडं अजून एक प्रकार. डिसेंबरात टोरंटोकडं पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसातून निघायला अंधारच. बर्फ पडत असेल तर समोरचे दिवे हळूहळू बर्फानं लिंपून जातात, कारण जुना हॅलोजन बल्ब गरम होऊन काचेवरचा बर्फ वितळवायचा आणि एलईडीची पुढची काच तेवढी तापतच नाही. मागच्या दिव्यांचं तर विचारूच नका, चाकानं उडवलेला चिखल आणि बर्फ तिथंच जाऊन बसतो. म्हणून इकडची जुनी माणसं निघण्याआधी ब्रश घेऊन गाडीला पूर्ण एक चक्कर मारतात, पुढचे दिवे, मागचे दिवे, आणि आरशामागच्या सेन्सरसमोरची काच. आणि आमच्या ऑन्टारिओ प्रांतात कायदा घड्याळावर नाही, सूर्यावर चालतो: मावळायच्या अर्धा तास आधीपासून उगवल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत लाईट पाहिजे आणि एरवीसुद्धा १५० मीटरच्या पुढचं नीट दिसत नसेल तर पाहिजेच.

हे १५० मीटरचं वाक्य माझ्या भावासाठी आहे, कारण तो पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी गगनबावड्याला पळतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथून पुढं भुईबावडा घाटात दुपारी बारा वाजता कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको, गाडीचं बॉनेट दिसत नाही. पण उजेड भरपूर असतो रे! पांढरंफटक असतं सगळं. तिथं सेन्सर मोजतोय काही हजार लक्स, म्हणजे त्याच्या हिशोबानं लख्ख दिवस, मग तो कशाला लाईट लावेल? तू ऑटोवर टाकून निवांत, पुढं डीआरएल चमकतंय, आणि मागून येणाऱ्या एसटीला तू दिसतच नाहीस. काही गाड्यांत वायपर थोडा वेळ चालला की लाईट लागते, तुझ्या गाडीत आहे का ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात बघ, ते प्लास्टिकमधून अजून बाहेर काढलं नसशील म्हणा. पण पाऊस नसताना नुसतं धुकं असेल तर वायपरचाही उपयोग नाही. हातानं दांडी फिरवून डिपर लावायचा. अप्पर नको, धुक्यातल्या थेंबांवरून उजेड उलटा आपल्याच डोळ्यात येतो. आणि ते चारी इंडिकेटर लावून घाट उतरायचं थांबवा आता, वळायचंय का थांबायचंय हे मागच्याला कसं कळणार?

अप्परवरून आठवलं, त्याच्या गाडीत ऑटो अप्पर-डिपरही आहे. ही काही नवीन गंमत नाही, जनरल मोटर्सनं १९५२ मध्येच असला डोळा डॅशबोर्डवर बसवून विकला होता. आता काचेमागचा कॅमेरा समोरच्या गाडीचे दिवे किंवा पुढच्या गाडीचे लाल दिवे ओळखून अप्पर खाली करतो. पुढं जाऊन ऑडीनं २०१३ मध्ये समोरच्या गाडीपुरताच उजेड कापणारे दिवे आणले, कॅनडानं तसल्या दिव्यांना २०१८ मध्ये परवानगी दिली आणि शेजारच्या अमेरिकेला २०२२ उजाडलं. पण भावाच्या गाडीतलं साधं आहे. त्याला दिवे दिसले तरच कळतं. कागलकडं जाताना डिव्हायडरच्या झाडीमुळं समोरच्या ट्रकचे दिवे झाकले जातात, पण वर बसलेल्या ड्रायव्हरच्या डोळ्यात मात्र तुझा अप्पर बरोब्बर घुसतो. कडेनं चालत जोतिबाला निघालेल्या माणसाकडं तर दिवाच नसतो, त्याच्यासाठी कोण डिपर करणार? तेवढं तुलाच करायला पाहिजे. सीझनमध्ये उसाच्या बिनलाईटच्या ट्रॉल्या असतात तिथं उलटं आहे, कॅमेऱ्याला त्यांचे दिवे दिसत नाहीत म्हणून अप्पर चालूच राहतो आणि ट्रॉली लांबून दिसते, ते बरंच म्हणायचं.

अजून एक. पुढच्या काचेवर वरच्या बाजूला "जोतिबाच्या नावानं चांगभलं" ची मोठी पट्टी लावायची असेल तर आरशामागचा तो ठिपका सोडून लाव. सेन्सर झाकला गेला की त्याला वाटणार रात्रच झाली आणि भर दुपारी दसरा चौकात तुझी लाईट चालू. काच कधी बदलायला लागली तर सेन्सर परत नीट चिकटवून घे, मध्ये हवेचे बुडबुडे राहिले की पावसाचा सेन्सर वेड्यासारखं वागतो आणि वायपर कोरड्या काचेवर फिरायला लागतात.

आणि काकांच्या जुन्या गाडीलाही बाहेरून सेन्सर बसवून घेऊ का असं विचारलं होतंस. नको. वायरिंग कापून बसवलेलं ते पुढं शॉर्ट झालं तर कोण निस्तरणार. त्यापेक्षा उद्यमनगरात कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडं जाऊन मागचे दोन्ही दिवे आणि ब्रेक लाईट बघून घे, मी गणपतीत आले तेव्हा मला डावीकडचा बंद दिसला होता.